दारातून परत गेलेला डबा

मी स्वभावाने तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. एका विमा कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं टेबलापलीकडच्या माणसांना सरळ करून मी निवृत्त झाले. ही गोष्ट मात्र माझीच मान खाली गेली त्याची आहे.

आमचे हे, ढुंढिराज, रामकुंडावरचे गुरुजी. पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आणि तळमजल्यावर यजमानांसाठी दोन खोल्या. गावोगावची माणसं रक्षा घेऊन येतात, विधी करतात, आमच्याकडेच राहतात, जेवतात आणि जाताना यांच्या लाल कापडात बांधलेल्या वहीत आपल्या हाताने लिहितात. नाव, गाव, कोण गेलं, कोण आलं होतं. पणजोबांनी लिहिलेलं पणतू येऊन वाचतो. त्या वहीत खाडाखोड करायची नाही आणि खोटं लिहायचं नाही, एवढाच नियम. माझा संबंध पोळपाट-लाटण्याशी. ऑफिसची बस पकडण्याआधी पंधरा-पंधरा माणसांच्या पोळ्या मी लाटल्या आहेत आणि वर हसतमुखाने आग्रहही केला आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी विन्स्टन रामदीन नावाचा जमैकाचा माणूस आमच्याकडे आला. कामासाठी मुंबईत आला होता, बॅगेत आईची रक्षा होती. त्याचे पूर्वज उसाच्या मळ्यात मजुरीला बोटीने नेलेले. कुठल्या गावातून, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. वही पुढे ठेवली तेव्हा गावाच्या जागी काय लिहू, असं त्याने मला विचारलं, कारण घरात इंग्रजी मलाच येतं. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "नाशिक लिही म्हणावं. यापुढे कुणी विचारलं तर गाव आहे."

मी ते त्याला सांगितलं आणि तो साठीच्या घरातला धिप्पाड माणूस घाटाच्या पायरीवर बसून रडला. मग तीन दिवस राहिला. माझ्या पोळ्यांचे फोटो काढून बायकोला पाठवायचा. जाताना म्हणाला, एकदा आमच्या घरी जेवायला या. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. यांनी घेतलं. त्याच्या आईच्या तिथीला हे दर वर्षी न चुकता तिच्या नावाने पाणी सोडतात.

गेल्या वर्षी माझी साठी झाली. मुलगा मयुरेश न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, आई, या वेळी आपण सगळे जमैकाला जाऊ. तो, सून अपूर्वा, सहा वर्षांची ओवी आणि आम्ही दोघं. त्याने दोन पर्याय ठेवले. एक, समुद्रकाठचं रिसॉर्ट. राहणं, खाणं, पिणं, खेळ सगळं त्यातच. मनगटाला पट्टा बांधला की कशाचेच वेगळे पैसे द्यायचे नाहीत. दुसरा, गाडी भाड्याने घ्यायची, लोकांच्या घरगुती खोल्यांत उतरायचं आणि आपलं आपण बेट बघायचं.

व्हिडिओ कॉलवर हे लगेच म्हणाले की रिसॉर्टच्या कुंपणात बसून तिथलं काय दिसणार. त्यापेक्षा विन्स्टनच्या गावी दोन दिवस राहू, त्याने बोलावलंय. आणि उठून वहीच घेऊन आले. आमंत्रणाचा पुरावा असल्यासारखी कॅमेऱ्यापुढे धरली. अपूर्वा हसली. चांगल्या मनानेच हसली बिचारी, पण मला आतून चिडायला तेवढं पुरलं.

मी कारणांची माळ लावली. यांचे गुडघे, ओवीचं पोट, अनोळखी रस्ते. खरं कारण एकच होतं. मला एकदा आयतं ताट हवं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं रिसॉर्ट होते. आता कुठल्याशा बाईच्या स्वयंपाकघरात पदर खोचून मदतीला उभं राहायचं आणि पाहुण्यासारखं गोड बोलायचं, याचा मला मनापासून कंटाळा आला होता. यात लाज वाटण्यासारखं अजूनही मला काही वाटत नाही. लाजेचं पुढे आहे.

रिसॉर्ट ठरलं. हे कुरकुरले नाहीत. एवढंच म्हणाले, मग विन्स्टनला कळव, तोच येईल भेटायला. यजमानांचे सगळे मेसेज मीच लिहिते. मी लिहिला नाही. विन्स्टन आला की हे त्याच्यासोबत निघणार आणि पाठोपाठ मलाही जावं लागणार, हे मला दिसत होतं. चार दिवसांनी यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कळवलं, उत्तर नाही आलं. यांनी मान हलवली. मोठ्या कामात असेल, म्हणाले. तरीही त्याच्यासाठी गोदावरीच्या पाण्याचा तांब्याचा गडू, तोंड झाळून बंद केलेला, बॅगेत घेतलाच.

रिसॉर्ट छान होतं, खोटं कशाला बोलू. निळा पट्टा हातात होता आणि मी जिथे बसेन तिथे कुणीतरी काहीतरी आणून देत होतं. हे मात्र कांदा-लसूण टाळत पाच दिवस पपई आणि दह्यावर होते. कशालाच नावं ठेवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतला फोन वाजला. हे खाली ओवीला पोहताना बघत बसले होते. गेटवरच्या माणसाने सांगितलं, मिस्टर आणि मिसेस रामदीन आलेत, पंडितजींसाठी जेवण घेऊन आलेत, आत सोडू का? मयुरेशने फेसबुकवर टाकलेल्या फोटोंत रिसॉर्टचं नाव होतं, ते मला नंतर उमजलं.

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण ते आत आले असते आणि पहिल्याच वाक्यात विचारलं असतं, आम्हाला कळवलं का नाही. माझं खोटं सुनेसमोर उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "पंडितजी बाहेरचं काही खात नाहीत. ते कुणाला भेटणार नाहीत."

गॅलरीतून गेट दिसत होतं. विन्स्टन म्हातारा झाला होता. शेजारी फुलाफुलांच्या झग्यातली बारीक चणीची बाई, हातात कापडात बांधलेला डबा. गेटवरचा त्यांना काहीतरी सांगत होता. बाईने डबा दुसऱ्या हातात घेतला. मग दोघं परत फिरली आणि मी पडदा ओढून घेतला.

गडू नाशिकला परत आला. यांनी तो देवघरात ठेवला आणि म्हणाले, माणूस विसरतो कधी कधी, आपण विसरायचं नाही. मी वाटाणे सोलत होते. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर दहा महिने रोज सांगता आलं असतं.

या वर्षी विन्स्टनचा मेसेज आला. त्याची बायको डोरीन गेली होती. तिची रक्षा घेऊन तो येत होता. पुढे लिहिलं होतं की त्याने हॉटेल बुक केलंय, आम्हाला त्रास देणार नाही, पंडितजींचा फक्त तासभर हवाय. हा मेसेज मी यांना जसाच्या तसा वाचून दाखवला. घर असताना हॉटेल कशाला, हे यांना कळेना. आपलं काही चुकलं का, असं दोनदा म्हणाले. मी भाजीला फोडणी घातली.

कुंभाच्या कामांनी पंचवटीतले रस्ते उकरून ठेवलेत, त्यातून तो धुळीने माखलेले बूट हातात घेऊन कुंडावर आला. यांनी जवळ घ्यायला हात पसरले. तो आधी थबकला. आपल्याला शिवलेलं यांना चालेल का, असं त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. यांना ते कळलंच नाही, यांनी त्याला मिठी मारली. विधी झाला. मग यांनी वही उघडून त्याच्या आईचं पान काढलं आणि तो खाली बराच वेळ लिहीत राहिला.

"वाच," हे मला म्हणाले. वहीत काय लिहिलंय ते गुरुजींना माहीत पाहिजे.

डोरीन रामदीन. गाव नाशिक. इथपर्यंत मी मराठीत सांगितलं. पुढे तीन ओळी होत्या. त्या मी आधी मनात वाचल्या. काहीही सांगता आलं असतं. चांगली पत्नी होती, सुखाने गेली, असलं काहीतरी. यांना कधीच कळलं नसतं.

मी वाचलं. "तिने एकदा पंडितजींसाठी कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक केला होता. आमच्या हातचं त्यांना चालत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिला वाईट वाटलं, राग नव्हता."

यांनी वही आपल्याकडे ओढली. मग हळू आवाजात विचारलं, "माझ्या नावाने हे त्याला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "ते दोघं डबा घेऊन गेटवर आले होते. त्यांना कळवलंच नव्हतं मी." आणि मग तेच इंग्रजीत विन्स्टनला सांगितलं. माझी दोन्ही वाक्यं ऐकून घेतली त्याने, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तो पाण्याकडे बघत होता. तिला हे कळायला हवं होतं, एवढंच तो म्हणाला.

मला वाटलं हे ओरडतील. सदतीस वर्षांत ओरडले नाहीत, ते आज ओरडले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "डब्यात काय होतं ते विचार."

विचारलं. भात, लाल भोपळ्याची भाजी, तिथल्या माठाची पालेभाजी आणि पोळ्या. पोळ्या ती विन्स्टनने पाठवलेल्या फोटोंवरून शिकली होती. एकेक पदार्थ मी मराठीत सांगत गेले आणि पोळीशी आल्यावर नुसतं हाताने लाटून दाखवलं. यांना कळलं.

"आज पानात हेच कर. तिच्या नावाने वाढू, आणि मी त्याच्या शेजारी बसून जेवेन," हे म्हणाले. मग पेन माझ्यापुढे धरलं. वहीत आजवर यजमानांशिवाय कुणी लिहिलेलं नाही, मी तर नाहीच. "तिच्या नावाखाली लिही. त्याची नातवंडं येतील, आपली ओवी येईल. त्यांनी मला तसला समजायला नको."

घाटावर माणसांची ये-जा चालू होती. मी पायरीवर बसले, वही मांडीवर घेतली आणि माझ्या चांगल्या, ऑफिसातल्या वळणदार अक्षरात इंग्रजीत लिहिलं: डबा गुरुजींनी नाकारला नाही. त्यांना तो आल्याचं कळलंच नाही. दारातून परत पाठवला तो मी. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. खाडाखोड करायची नसते, म्हणून सावकाश लिहिलं.