एक्केचाळिसावं पान

मी एक फाइल आहे. खाकी पुठ्ठ्याची, कडेला चिकटपट्टी लावलेली. पण पोटातलं एकेक पान मला पाठ आहे, म्हणूनच बोलतेय.

माझा जन्म झाला तेव्हा कॅनडाच्या सीमेजवळच्या आमच्या गावात बर्फ पडत होता. चीजच्या कारखान्यात व्हर्ना पेल्कीनं चाळीस पौंडांची लादी उचलली आणि तिचा उजवा खांदा गेला. तिचा अर्ज हे माझं पहिलं पान.

विमा कंपनी म्हणाली, खांदा कामावर नाही, अंगणातला बर्फ उपसताना गेला. भांडण एवढंच. तिला काम झेपेल का, यावर वादच नव्हता. कंपनीच्याच डॉक्टरनं एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, 'शस्त्रक्रिया होईपर्यंत कुठलंही काम नको.' खाली 'हे मान्य' म्हणून दोन्ही वकिलांच्या सह्या.

न्यायाधीशांनी व्हर्नाच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीनं अपील केलं आणि मी राज्याच्या राजधानीत कामगार भरपाई मंडळाच्या तिघा सदस्यांपुढे गेले. त्यांनी मला किती उघडलं, ते मला विचारा! एकानं माझ्यावर कॉफीचा कप ठेवला, त्याचं वर्तुळ अजून आहे. निकाल आला: दुखापत कामावरचीच, मात्र बाईंना हलकं काम झेपेल, त्यांनी ते शोधलं नाही, सबब भरपाई बंद.

हे विचारलं होतं कुणी? व्हर्नानं नाही, कंपनीनंही नाही. माझी एकशे बारा पानं चाळा. हा प्रश्न एका ओळीत जरी सापडला, तर मला खुशाल रद्दीत घाला.

गावच्या कचेरीत फाइली वाचायला टेबल एकच. त्यामुळे व्हर्नाचा वकील आणि शाळासोबती ऑरिन अन् कंपनीच्या वकील हॅडिक्सबाई माझ्यावर एकत्रच वाकले.

"ऑरिन, आम्ही हे मागितलंच नव्हतं रे."

"मग परत करा की!"

"वेडा आहेस का? तू वरच्या कोर्टात जा. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

व्हर्ना शेजारी उभीच होती. "चालू दे तुमची थट्टा. सोमवारी मी कामावर जातेय."

"व्हर्ने, खांदा कायमचा जाईल!"

"आणि घर गरम कोण ठेवणार? तुझा बाप?"

रविवारी कारखान्यातल्या बायकांनी तिच्या अंगणात हिवाळाभराची लाकडं आणून रचली. व्हर्ना घरी राहिली.

वरच्या कोर्टात हॅडिक्सबाईंनी शब्द पाळला. न्यायाधीशांनी मंडळाला सुनावलं: नवा मुद्दा काढायचा तर काढा, पण आधी दोघांना कळवा, त्यांचं ऐका.

मग तेच तिघं, आणि समोर व्हर्ना.

"हलकं काम का शोधलं नाहीत?"

"साहेब, एक्केचाळिसावं पान वाचा. तो डॉक्टर कंपनीचा आहे, माझा मामा नाही."

पान उलटल्याचा आवाज मला गुदगुल्या करून गेला. हॅडिक्सबाईंनी मान डोलावली. भरपाई पुन्हा सुरू झाली, आणि वसंतात शस्त्रक्रिया झाली.

आता मी कचेरीतल्या कोरड्या फळीवर सुखात आहे. मागणं एकच: निकाल काहीही द्या, पण ज्याचा द्यायचा त्याला आधी विचारा.

परवा व्हर्ना एका कागदाची नक्कल घ्यायला आली होती. कारकूनबाई बुटक्या, स्टूल शोधू लागल्या.

"राहू द्या हो," व्हर्ना म्हणाली आणि तिनं मला सगळ्यात वरच्या फळीवरून खाली काढलं. उजव्या हातानं.