मोरीचा पाइप आणि बाराशे वेढे

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे, आणि तोही मोरीचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याची मला अजून खात्री नाही. पण माझ्या अंगावर तांब्याच्या तारेचे बाराशे वेढे आहेत आणि माझ्या डोक्यावरून एकदा वीतभर वीज निघालेली आहे. मोरीच्या पाइपांमध्ये असं फारसं कुणाचं होत नाही, म्हणून धीर करतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम राखाडी प्लास्टिक साच्यातून बाहेर आलं, कुणीतरी ते करवतीने कापलं आणि मी झालो. माझं बालपण एवढंच. पुढे एकोणीस वर्षं मी एका दुमजली घराच्या वरच्या मोरीत उभा होतो. साबणाचं पाणी, केसांचे गुंते आणि एकदा एक कानातलं, एवढं माझ्यातून गेलं. लोकांचं पाइपाकडे लक्ष जातं ते तो तुंबल्यावर, आणि मी कधी तुंबलो नाही. तिथेच माझं चुकलं असावं.

त्या घरातले काका रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची कामाची खोली मोरीच्या बरोबर खाली होती. काकूंचा धाकटा भाऊ नळांची कामं करायचा. त्याला आपण मेहुणे म्हणू. चार वर्षांपूर्वी मेहुण्यांनी मला काढलं आणि माझ्या जागी नवा, पांढराशुभ्र पाइप बसवला. पंधरा दिवसांनी खालच्या खोलीचं छत गळलं आणि फळीवरचे अकरा रेडिओ भिजले.

काका म्हणाले, नवा सांधा कच्चा बसवलाय. मेहुणे म्हणाले, मोरीखाली रेडिओ ठेवतं का कुणी? काका म्हणाले, जुना पाइप एकोणीस वर्षांत कधी गळला नाही. झालं, त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मी तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात पडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्तुती झाली, ती अशी दुसऱ्याला टोचायला.

पुढे लोक रेडिओ दुरुस्तीला टाकेनासे झाले आणि काकांचं दुकान बंद पडलं. त्यांच्याकडे उरला एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत दिव्यासारखा उजळायचा तसला. तीस वर्षं त्यांनी तो लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून ठेवला होता. आपण डोळे मिटण्याआधी हा एकदा तरी कामाला लागलेला बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी टेस्ला कॉइल करायचं ठरवलं. म्हणजे विजेचा दाब वाढवत वाढवत शेवटी ती हवेत सोडून देणारं यंत्र. हातात पैसा नव्हता, म्हणून घरावरच धाड पडली. बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधून ट्रान्सफॉर्मर निघाला. धान्याचा प्लास्टिकचा डबा बूड कापून खालच्या दोन गुंडाळ्यांसाठी गेला, एक मोठी आणि एक छोटी. त्यातलं धान्य आठवडाभर बादलीत राहिलं आणि काकू आठवडाभर घुश्शात राहिल्या. मोटरी भरणाऱ्या एका कारागिराचा रेडिओ दुरुस्त करून दिला, त्या बदल्यात बारीक तारेचं रीळ आलं. आता तार गुंडाळायला उंच, पोकळ, गोल असं काहीतरी हवं होतं. काका गच्चीवर आले आणि मी दिसलो.

त्यांनी मला तीनदा साबणाने धुतलं. मला फार लाज वाटली. मग आठ दिवस मी उन्हात वाळत होतो आणि काकूंनी माझ्यावर दोन उशांचे अभ्रे टाकले होते. शेवटी काका मला पॉलिश पेपरने घासायला बसले आणि घासता घासता एकदम थांबले.

मित्रांनो, आता खरं सांगतो. माझ्या कमरेत एक तडा होता. केसाएवढा, पण जुना. रोज दोन-चार थेंब त्यातून भिंतीत आणि तिथून छतात मुरून साचत होते, वर्षानुवर्षं. छत माझ्यामुळेच पोकळ झालं होतं, गळलं मात्र नव्या पाइपाच्या नावावर. मला हे माहीत होतं, पण पाइपाने सांगायचं कुणाला? काकांनी तडा बोटाने चाचपला आणि ते पुन्हा घासायला लागले. कुणाला काही बोलले नाहीत.

तार गुंडाळायला चार हात लागतात. एकाने पाइप फिरवायचा, दुसऱ्याने तार ताणून धरायची आणि मोजायचं. काकांनी काकूंना सांगितलं, तुझ्या भावाला बोलाव. मेहुणे आले, माझ्या एका टोकाशी बसले आणि काकूंना म्हणाले, "ताई, विचार यांना, कुठल्या बाजूला फिरवायचं?" काका म्हणाले, "सांग त्याला, आपल्या बाजूला." काकू मध्ये बसून निरोप पोचवत राहिल्या. शंभराव्या वेढ्याला त्या उठल्या.

"मला कामं पडलीत," त्या म्हणाल्या. "तुमचं जे काय असेल ते या पाइपाला सांगा."

आणि खरोखर ते मला सांगायला लागले. "पाइपा, जरा हळू फिर म्हणावं." "पाइपा, तार ढिली पडतेय, कुणाला तरी झोप आलीय वाटतं." मित्रांनो, एकोणीस वर्षांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी अगदी हरखून गेलो.

सातशे त्रेचाळिसाव्या वेढ्याला तार तड्यापाशी आली. आणखी दोन वेढे पडले की तडा कायमचा झाकला जाणार होता. काकांनी मोजायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघत ते म्हणाले, "पाइपा, तुला तडा आहे. जुना आहे. ते पाणी तुझंच होतं. त्याने बसवलेला सांधा चांगला होता. सांग त्याला."

मेहुण्यांच्या हातातून मी सुटलो. घरंगळत भिंतीपर्यंत गेलो आणि सातशे त्रेचाळीस वेढे स्प्रिंगसारखे उसळून खोलीभर पसरले. काकांच्या चष्म्यात तार, टेबलाच्या पायात तार. दोघांनी ती सोडवायला सगळी दुपार घालवली. मग मेहुण्यांनी मला मांडीवर घेतलं.

"पाइपा, सांग दाजींना, पुन्हा एकपासून मोजा. या खेपेला मी घट्ट धरतो."

दोन दिवसांनी सगळं जोडून झालं आणि तारेचं वरचं टोक माझ्या डोक्यावर बसवलेल्या एका खिळ्याला बांधलं. खिडकीवर जाड चादर लावली. व्हॉल्व्ह आतून नारिंगी उजळला. काकांनी उंच दाबाचं बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, पण माझ्या डोक्यावर काहीच नाही. उलट व्हॉल्व्हमधला पत्रा लाल व्हायला लागला. आणखी थोडा वेळ गेला असता तर तीस वर्षांची ठेव जळाली असती. काकांनी घाईने बटण बंद केलं आणि ते खुर्चीत बसले. चेहरा पार उतरलेला.

मेहुणे मला म्हणाले, "पाइपा, डब्यावरच्या त्या छोट्या गुंडाळीची टोकं उलटी लागलीत का बघा म्हणावं. आमच्यात झडप उलटी बसली की असंच होतं."

"त्याला सांग, हे मोरीचं काम नाही," काका म्हणाले.

मेहुणे उठले आणि स्वतःच टोकं बदलायला त्यांनी हात घातला.

"थांब," काका म्हणाले. "हात मागे घे. कंडेन्सरमध्ये वीज आहे अजून. मरशील."

मेहुण्यांचा हात हवेतच राहिला. "बटण तर बंद केलंत ना, दाजी?"

"बंद केलं तरी राहते. सरक तिकडे. तुला काही झालं तर तुझ्या ताईला मी काय सांगू?"

मी वाट बघत होतो, आता कुणीतरी हे मला सांगेल म्हणून. कुणीच सांगितलं नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी लाकडी काठीला बांधलेल्या तारेने कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ठेवणारी डबी, रिकामा केला. फट्ट असा आवाज झाला आणि मेहुणे दोन पावलं मागे गेले. मग काकांनी ती दोन टोकं निमूटपणे बदलली आणि बटण दाबलं. माझ्या डोक्यावरच्या खिळ्यातून जांभळी, तलवारीसारखी सरळ वीज निघाली, वीतभर. स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरला, म्हणून काकू धावत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"पेटला की तुमचा म्हातारा व्हॉल्व्ह," मेहुणे म्हणाले.

"टोकं उलटीच होती रे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हे थेट मेहुण्यांना ऐकायला मिळालं, याचं मला त्या विजेपेक्षा जास्त नवल वाटलं.

आता मी कपाटावर असतो. ते दोघं रोज संध्याकाळी माझ्या खाली बसून वाद घालतात, हातवारे करून, अगदी तोंडावर. माझी कुणाला गरज पडत नाही. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली आहे. असं यंत्र तुमच्या घरात असलं तर त्याची वीज तोडून आणि कंडेन्सर रिकामा करून, ते कोरड्या फडक्याने मोठ्या माणसांकडूनच पुसून घ्या, तुम्ही हात लावू नका. आणि घरात कुणाशी तुमचं बिनसलं असेल, तर जे सांगायचं ते त्यालाच सांगा. पाइपाला सांगू नका. मला ते फार आवडतं, हे खरं आहे. पण पाइपाला काही पोचवता येत नाही.