शनिवारचा खाऊ आणि मी, एक हिरडी

‘माझं दुखणं पोरीला लागलं तर?’ या एका काळजीने इल्वाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि त्या काळजीचं मूळ मी. मी तिच्या खालच्या डाव्या दाढेची हिरडी.

एके काळी मी गुलाबी होते, दाढेला घट्ट बिलगलेली. आमच्या सुंड्सवाल शहरात पोराबाळांना गोड मिळतं ते फक्त शनिवारी. इल्वा लहानपणापासून त्यावरच विसंबली: सहा दिवस गोड नाही, म्हणजे तोंडाला भीती नाही. दात किडले नाहीत, हे खरं. पण माझ्या वाट्याला आलेले जंतू शनिवारची वाट बघत बसत नाहीत.

लेक झाली, स्टिना, आणि इल्वाला धड ब्रश करायला सवड मिळेना. माझ्या कडेला जंतूंचा चिकट थर बसला, कडक झाला, हळूहळू खाली उतरला. मी सुजले. ब्रश लागला की रक्त. इल्वाला वाटलं, आपणच हिरडीला दुखवतोय. म्हणून तिने तिथे घासणंच सोडलं. जंतूंना रान मोकळं. त्यांना हुसकायला शरीराने फौज धाडली, पण त्या मारामारीत दाढ धरून ठेवणारे माझेच धागे तुटले, खालचं हाड झिजलं. दाढ हलू लागली.

त्यात इल्वाने कुठेतरी वाचलं की हे जंतू उष्ट्यातून जातात. दर शनिवारी स्टिना जेलीची गोळी अर्धी चावून उरलेली आईला भरवायची. इल्वाने तोंड मिटून घेतलं. चार वर्षांची पोर ती अर्धी गोळी मुठीत धरून बसली, पार चिकट होईस्तोवर.

शेवटी दातांच्या दवाखान्यात डॉक्टर गुनिलाने मला बधिर करून आतपर्यंतचा थर खरवडून काढला. इल्वाने चाचरत विचारलं, हे जंतू पोरीकडे जातील का.

“जातात गं, घरातल्या घरात जातात,” गुनिला म्हणाली. “पण तिचे दात रोज घास, म्हणजे त्यांना तिथे बिऱ्हाड थाटता येणार नाही. आणि तुझेही. रक्त येतं तिथे तर आधी. घाबरट कुठली.”

तीन महिने झाले. झिजलेलं हाड काही परत आलं नाही. पण सूज उतरली, मी पुन्हा दाढेला बिलगले, दाढ टिकली. माझं मागणं एवढंच: मी रक्ताने हाक मारते तेव्हा ब्रश दूर नेऊ नका.

गेल्या शनिवारी स्टिना खाऊची पिशवी घेऊन आली. इल्वाने स्वतःहून आ केला. स्टिनाने अख्खी गोळी आत ठेवली आणि समजूत घालत म्हणाली,

“घाबरू नकोस, आई. चावली नाही मी. नुसती चाटलीय.”