आंबट राख

बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारीपाजारी दारात, जिन्यात माना उंचावून उभे होते. मधोमध सतरंजीवर लखलख महाराज. त्यांच्यापुढे परातीत घरातले सगळे स्टीलचे चमचे, काटे, सुऱ्या, आणि सगळ्यांवर तांबूस डाग नि पांढुरकी पुटं.

"पोलादाला डोळे असतात!" महाराज गरजले. "घरात काळी सावली शिरली, की पोलाद रडतं. हे डाग नव्हेत, आसवं आहेत आसवं!"

त्यांनी एक चमचा उचलला, डबीतली चिमूटभर राख टाकली, ओल्या फडक्याने चोळत काहीतरी पुटपुटले आणि चमचा धुऊन वर धरला. तो असा चकाकला, की पुढे बसलेल्या आजोबांना त्यात स्वतःचा चष्मा दिसला. खोलीभर "अबब!" झालं.

"सावली कोणाची, ते मी मागेच सांगितलंय," महाराजांनी आवाज खाली आणला. "नव्या माणसाचा पायगुण. धाकट्या सुनेला माहेरी पाठवा. वर्षभर उंबरा ओलांडू देऊ नका."

सगळ्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे धाकटी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो सतरंजीचे धागे उपटत होता. तिला रागच आला.

"मी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली आणि थेट सतरंजीवर येऊन बसली. महाराज डबी मिटतात तोच तिने बोट बुडवून जिभेला लावलं. "आई, जरा चाखा."

सासूबाईंनी नाइलाजाने चाखलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "आंबट आहे गं!"

"चुलीतली राख कधी आंबट लागलीय? यात सायट्रिक ॲसिड कालवलंय. किराणा दुकानात पुडी मिळते. त्या आंबटाने गंजही सुटतो आणि पाण्यातल्या क्षारांचं पूटही."

"पापी जिभेला अमृतही आंबट लागतं!" महाराज कडाडले.

"म्हणजे आमच्या आईंची जीभ पापी?"

सासूबाईंनी महाराजांकडे असं पाहिलं, की जिन्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं.

धाकटीने लिंबू कापून आणलं. डागाळलेल्या चमच्यावर त्याची फोड पोलादावरच्या रेषांच्या दिशेने हलकेच चोळली, थोडा वेळ तसाच ठेवला, धुतला आणि लगेच कोरडा पुसला. महाराजांच्या चमच्याशेजारी ठेवला. कोणता कुणाचा, आजोबांनाही सांगता येईना.

"चमकले, हे खरं," सासूबाई हट्टाने म्हणाल्या. "पण डाग पडले कशाने? तू यायच्या आधी नव्हते."

याचं कारण धाकटीने पूर्वी दोनदा समजावून सांगितलं होतं. कोणी ऐकून घेतलं नव्हतं. म्हणून तिने जावेला विश्वासात घेतलं होतं. आता मोठी जाऊ पुढे आली आणि तिने एक पुडकं सोडलं.

"हा चमचा मी दुकानातून नवाकोरा आणला. हिचा हातसुद्धा लागलेला नाही. ओल्या तारेच्या घासणीत गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला होता."

चमच्यावर तेच तांबूस डाग होते.

"लग्नाच्या गडबडीत काथ्याची घासणी जाऊन ही तारेची आली," धाकटी म्हणाली. "हिचे बारीक कण ओरखड्यांत अडकतात. आपण भांडी ओलीच टोपलीत टाकतो, मग कण गंजतात. गंज घासणीचा, नाव माझं!"

महाराज डबी खिशात घालत उठले. "शाप लागेल!"

"द्या की. एवढी माणसं आहेत, मोठ्याने द्या."

महाराज वाट काढत निघाले तेव्हा पाया पडायला कोणी वाकलं नाही.

"पण एवढ्या लोकांसमोर बोलायचं का?" सासूबाई पुटपुटल्या.

"मला सावली लोकांसमोरच म्हटलं, आई."

सासूबाई उठल्या आणि मोरीतली घासणी केराच्या डब्यात टाकून आल्या. नवरा काही बोलायला तोंड उघडत होता. "तुझ्याशी नंतर बोलते," धाकटी म्हणाली.

अशी परात उद्या कोणाच्याही घरात मांडली जाईल. तेव्हा जरा थांबा. कोणामुळे झालं, हे विचारायच्या आधी कशामुळे झालं, ते विचारा. कारण शोधणाऱ्याला फार तर एखादी घासणी फेकावी लागते. जो शोधत नाही, तो माणूस फेकून देतो.