टकटक मावशीचा कान

जंगलतोडीच्या त्या तळावर टकटक मावशीचा शब्द शेवटचा. हातोड्याने खोड ठोकायचं, मान तिरकी करायची आणि सांगायचं: भरीव की पोकळ. भरीव गिरणीला जायचं. पोकळ उगाच जागा अडवतं म्हणून आधी आडवं व्हायचं. वाचायची फक्त बियाण्याची झाडं, तीही भरीव, सरळसोट. त्यांच्यावर मावशी पांढरा ‘बी’ काढायची. तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती आणि हे ती रोज कुणाला तरी ऐकवायचीच.

त्या सकाळी तिने एक वाकडंतिकडं धूड ठोकलं. ढब! साफ पोकळ. वरच्या ढोलीतून घुबडीणबाईंनी डोकं काढलं आणि ऐन झोपेत दार वाजवणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. आत पिल्लं कुरकुरत होती.

मावशीने हातोडा खाली घेतला. आसपासच्या साऱ्या ढोल्या तिच्याच हातोड्याने संपवल्या होत्या. नव्या झाडांना ढोली पडायला शंभर वर्षं. तोवर घुबडांनी काय तंबू ठोकायचा? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ठसठशीत ‘बी’ काढला.

नेमके तळाचे साहेब टपकले. मागे करवतवाले दाजी, मावशीच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

“मावशी, हे बियाण्याचं? हे तर उभं राहून कंटाळलंय!”

“भरीव आहे, साहेब.”

साहेबांनी स्वतः ठोकलं. ढब!

“आता?”

“भरीवच की!”

दाजींना खोटा खोकला आला. साहेबांनी खोडाच्या भेगेला कान लावला. आत पिल्लांनी एकसुरात केलं, फुस्स्स! साहेब टुणकन मागे.

“नाग!”

“जोडी असेल,” दाजी गंभीरपणे म्हणाले.

“राहू दे ते झाड! आणि मावशी, तुमचा कान गेलाय. हातोडा दाजींना द्या.”

मावशीला ते फार लागलं. तीस वर्षांचं नाव एका फुस्समध्ये गेलं. खरं सांगितलं असतं तर कान वाचला असता. पण ढोली गेली असती, म्हणून तिने हातोडा देऊन टाकला.

साहेब झपाझप पुढे निघाले. दाजींनी पुढचं ढोलीवालं झाड ठोकलं. ढब! त्यांनी मावशीसारखीच मान तिरकी केली.

“भरीव!” ते साहेबांना ऐकू जाईल असं ओरडले. मग ब्रश तिच्या हातात देत हळूच म्हणाले, “कानाची साथ आलीय गं आपल्या घरात. ‘बी’ तू काढ, माझं अक्षर वाईट आहे.”