डोळे मिटून मानलेले आभार

तुम्ही आभार मानताना डोळे का मिटता, हे मला चांगलं ठाऊक आहे. समोर कोण उभं आहे ते दिसू नये म्हणून.

मी जेवणाचं टेबल बोलतोय. माझ्याभोवती रोज प्रार्थना होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि माझे उघडे. मला पापण्याच नाहीत, त्याला मी काय करणार?

माझ्यावर शेवटचा रंधा मारून सुताराने पाठीवर थाप दिली होती. म्हणाला, "जा, लोकांना पोटभर जेवू घाल." घरात आलो तर एक पाय आखूड निघाला. घरच्या बाबांनी चर्चमधल्या उपकारस्तुतीच्या उपासनेचं जुनं पत्रक घडी करून त्याखाली सारलं. आभारांचा या घरात झालेला तेवढाच प्रत्यक्ष उपयोग.

बाबा म्हणजे चर्चच्या मंडळीतलं बडं प्रस्थ. ते उपकारस्तुतीवर बोलायला उभे राहिले की मागच्या बाकावरची माणसं पाय पसरून घेतात. घरात त्यांनी एक नियम घालून दिलेला. जेवणाआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि कालचे आभार आज चालायचे नाहीत.

नियम वाईट नव्हता. दिवसभरात काय मिळालं ते शोधायची सवय लागावी, एवढाच हेतू. पण लागली ती चढाओढ.

"प्रभू, आज साहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, त्याबद्दल आभार," मुलगा म्हणायचा. म्हणजे बातमी देवाला आणि ऐकवायची बहिणीला.

"प्रभू, तू मला गर्विष्ठ केलं नाहीस, त्याबद्दल आभार," बहीण लगेच म्हणायची.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या, सगळ्यांत लवकर आटपायची. "प्रभू, अजून भूक लागते, त्याबद्दल आभार."

"आत्या, हे कालचंच झालं."

"कालची भूक वेगळी होती रे."

आणि आई? आई तेव्हा शेगडीपाशी. माझ्याभोवती पाच खुर्च्या आहेत. चारांची बैठक झिजून गुळगुळीत झाली, पाचवी जशी आणली तशी कोरी. आईच्या वाट्याला फक्त 'आमेन', तेही आतून, झाकणांच्या खडखडाटात. तिला कशाबद्दल आभार मानायचेत, हे कुणी कधी विचारलं नाही.

मग तिचं मनगट दुखायला लागलं. ते आधी मला कळलं, कारण मला पुसताना तिचा हात मध्येच थांबायचा. एका संध्याकाळी ताटं मांडता मांडता ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, हाताला पूर्ण विश्रांती द्या. नाहीतर बोटं कायमची आखडतील."

सगळे हळहळले. बाबांनी तर लगेच हात जोडले. "प्रभू, हिचा हात तू बरा कर. आणि या गरम जेवणाबद्दल तुझे आभार. आमेन. अगं, मीठ राहिलं."

तिने मीठ आणलं. डाव्या हाताने.

असंच चालत राहिलं. हात रोज प्रार्थनेतही होता आणि रोज शेगडीची राख काढण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळ्या कामांतही. पेला उचलताना तिची दोन बोटं मिटतच नाहीत, हे मला दिसत होतं. देवाने तरी काय करावं? ज्या तोंडाने हात बरा कर म्हणायचं, त्याच तोंडाने आणखी एक पातेलं घासायला लावायचं. मी लाकडाचा आहे, पण मलाही लाज वाटली.

शेवटी उपकारस्तुतीच्या रविवारची आदली संध्याकाळ आली. बाबा दुसऱ्या दिवशीचं भाषण पुटपुटत येऊन बसले. आज आपण काय सांगायचं, याच विचारात बाकीचे. आई डॉक्टरांकडून आली होती, हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने डाव्या हाताने ताटं मांडली आणि ती पाचव्या खुर्चीवर बसली. खुर्ची दचकून करकरली. मान वर करून कुणी पाहिलं नाही.

बाबांनी डोळे मिटले. "प्रभू, या भरल्या ताटांबद्दल, या वाफाळत्या अन्नाबद्दल आम्ही तुझे मनापासून आभार मानतो. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले आणि डोळे उघडले. ताटं रिकामी होती. मुलाचा चमचा रिकाम्या ताटात टणकन वाजला.

"अगं, जेवण?"

"केलं नाही," आई म्हणाली. "हात बरा व्हायला हवा ना? तुम्हीच मागत होता रोज."

बाबांचं भाषण तोंडपाठ होतं, पण त्यात हे कुठे बसत नव्हतं.

"माझे आभार राहिलेत," आई म्हणाली. तिने डोळे मिटले नाहीत. एकेकाकडे पाहत ती म्हणाली, "प्रभू, आज बसायला मिळालं."



मी आता जुना झालोय. चरे पडलेत, पाय अजून त्याच पत्रकावर उभा आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. आभार जरूर माना, रोज माना, पण आधी डोळे उघडे ठेवून टेबलाभोवती एकदा बघा. कोण बसलंय, कोण उभं आहे. मग मिटा हवे तर.

त्या संध्याकाळी पहिली उठली ती आत्या. आत गेली, कच्च्या बटाट्यांची टोपली घेऊन आली आणि ती बाबांच्या जोडलेल्या हातांपुढे माझ्यावर आदळली.

"आमेन झालं ना सगळ्यांचं?" ती म्हणाली. "मग आता सोलायला कोण घेतंय?"