दोघांनी वाचायची पुस्तिका

सासऱ्यांना आपल्याच ऑफिसात कामाला लावायचं ही कल्पना खुद्द सूनबाईंची होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष द्यायला त्यांना दुसरं कोणी सापडेना.

ऑफिस तसं लहानसं. इमारतीचा तिसरा मजला, अकरा माणसं, काचेच्या भिंतींची एक मीटिंगची खोली. तिथे जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. कुठल्या कुत्र्याला लस कधी दिली, कुठल्या मांजरीचे टाके कधी काढायचे, हे सगळं त्यात नोंदलेलं असायचं. सूनबाई ते सॉफ्टवेअर तपासायच्या. त्याच्याबरोबर दवाखान्यांना एक इंग्रजी माहितीपुस्तिका जायची आणि तिच्यात इतक्या चुका होत्या, की एका डॉक्टरांनी तिचं एक पान शाळेतल्यासारखं तपासून परत पाठवलं होतं. खाली शेरा : दहापैकी तीन.

साहेबांना ते तीन मार्क फार झोंबले. "नीट स्पेलिंग बघणारं कोणीतरी पाहिजे," ते म्हणाले, आणि सूनबाई बोलून गेल्या, "आमचे सासरे आहेत की!"

सासऱ्यांनी पस्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पुस्तक छापण्याआधी त्याची पानं वाचायची, चुका काढायच्या, हे त्यांचं काम. छापखाना बंद पडला, सासरे घरी बसले. चुका काढायची सवय मात्र काही केल्या घरी बसेना. औषधाच्या बाटल्या, लिफ्टमधली सूचना, लग्नपत्रिका, सगळीकडे त्यांची लाल पेन्सिल फिरायची. एकदा नातीच्या वहीत त्यांनी तिच्या बाईंचीच चूक काढली आणि शाळेत जाऊन गोड बोलायची वेळ सूनबाईंवर आली. तेव्हा हा माणूस दिवसाचे चार तास घराबाहेर असला तर बरं, असाही एक विचार त्यांच्या मनाच्या कोपऱ्यात होता. पण तो त्या कधी कबूल करायच्या नाहीत.

दोन आठवडे बघू, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी संगणकावर वाचायला साफ नकार दिला. "पडद्यावर चूक पळते. कागदावर मुकाट बसून राहते," असं म्हणून त्यांनी एकशेचाळीस पानं छापून मागितली. दुसऱ्या दिवशी ती पानं लालीलाल होऊन भराभरच्या टेबलावर आली.

भराभर म्हणजे पुस्तिकेचा लेखक. तो मुळात प्रोग्रामर. तिशी ओलांडलेला, हुशार, पण बोटं डोक्याच्या पुढे धावायची, म्हणून सगळे त्याला भराभर म्हणत.

"आजोबा, ही शेपटी कसली?" त्याने एका खुणेवर बोट ठेवलं.

"शेपटी नाही हो ती. 'हे अक्षर काढा' अशी खूण आहे."

"मला वाटलं, पेन्सिल चालते का ते बघत होतात."

सासरे हसले. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मला एक सांगा. हे 'सेव्ह'चं बटण एका पानावर मोठ्या एसने आहे, दुसऱ्यावर लहान, तिसऱ्यावर चारही अक्षरं मोठी. बटणं किती आहेत?"

"एकच."

"मग एकाच घरातल्या तिघांसारखं का वागवता त्याला?"

त्या दिवसापासून त्यांचं नाव कॅपिटल आजोबा पडलं. कोणी चहा मागताना म्हणायचं, "आजोबा, चहाचा पहिला घोट मोठा घ्यायचा ना?" सासऱ्यांना ते आवडायचं. संध्याकाळी घरी ते बॅकअप आणि रेकॉर्ड असे शब्द तोंडभरून वापरायचे. छापखाना सुटल्यापासून जेवताना 'वाढ' आणि 'पुरे' यांच्यापलीकडे न बोलणारा माणूस आता भराभरच्या स्वल्पविरामांचे किस्से सांगत हात वाळेपर्यंत ताटावर बसायचा. सूनबाईंचा नवरा एकदा हळूच म्हणाला, "बाबा परत आले गं." ते वाक्य सूनबाईंनी जपून ठेवलं.

आणि नेमकी पाचव्या दिवशी माशी शिंकली.

पुस्तिकेत एक ओळ अशी होती, की तिची सुरुवातच एका आज्ञेने व्हायची. नोंदींची प्रत काढायची ती आज्ञा संगणकात जशीच्या तशी टाइप करायची, सगळी अक्षरं लहान. सासऱ्यांना हे काय माहीत? वाक्य लहान अक्षराने सुरू होतंय म्हटल्यावर पस्तीस वर्षांचा हात थांबतो कुठला! त्यांनी पहिलं अक्षर मोठं केलं. भराभरने न बघता, भराभर, ती सुधारणा चढवली. पुस्तिका गेली. एका दवाखान्यातल्या मदतनिसाने छापलं होतं तसंच टाइप केलं. संगणकाला मोठं आणि लहान अक्षर म्हणजे दोन परकी माणसं; त्याने ओळखच दाखवली नाही. दोन दिवस त्या दवाखान्यातल्या नोंदींची प्रत निघाली नाही. मग डॉक्टरांचा फोन आला, तो साहेबांनी कानापासून चार बोटं लांब धरून ऐकला.

साहेबांनी सूनबाईंना आत बोलावलं. "आजोबांबद्दल मला फार आदर आहे," त्यांनी सुरुवात केली. आदराने सुरू झालेलं बोलणं कुठे संपतं हे सूनबाईंना ठाऊक होतं. ते तिथेच संपलं. शुक्रवार शेवटचा. "आणि तुम्हीच सांगा त्यांना. घरचं माणूस आहे."

दोन दिवस सूनबाईंनी वाक्यं जुळवली. 'बाबा, काम फार वाढलंय' हे खोटं होतं. 'बाबा, डोळ्यांना त्रास होईल' हे त्याहून खोटं. शेवटी गुरुवारी दुपारी कप हातात घेऊन त्या सासऱ्यांच्या टेबलाशी गेल्या.

"बाबा, चहा घेता का?"

"बोल."

"काय बोलू?"

"तू मला चहा विचारत नाहीस, आणून ठेवतेस. कालपासून हे तिसऱ्यांदा विचारलंस. काय झालंय?"

आता जुळवलेली वाक्यं काय कामाची? सूनबाईंनी सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ती टेबलाच्या कडेला समांतर आहे ना, हे बघितलं. पुन्हा जराशी हलवली.

"चूक माझीच आहे," ते म्हणाले. "मी विचारलं नाही. एकट्याने वाचलं की असंच होतं. छापखान्यात एकट्याने वाचायची मुभाच नव्हती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, मोठं अक्षर आलं की 'कॅपिटल' म्हणायचं. दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं." त्यांनी पेन्सिल परत उचलली. "शुक्रवार अजून यायचाय ना? एक तास दे मला. आणि एक वाचणारा."

"कोण?"

"ज्याने लिहिलं तो."

भराभरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मोठ्याने? सगळ्यांदेखत? मी दुसरीनंतर मोठ्याने वाचलेलं नाही." पण ती सुधारणा आपणच न बघता चढवली होती, हे त्यालाही टोचत होतं. तो बसला.

शुक्रवारी मीटिंगच्या खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. भराभर पडद्यावरून वाचत होता, सासऱ्यांचं बोट कागदावरून चालत होतं. सूनबाई चहाचा कप हातात धरून कोपऱ्यात बसून घड्याळाकडे बघत होत्या.

"कॅपिटल सी, क्लिक, कॅपिटल एस, सेव्ह, पूर्णविराम," भराभर आरती म्हणावी तसा सूर लावून म्हणाला. बाहेर कोणीतरी खुदकन हसलं.

"सावकाश," सासरे म्हणाले. "आणि ही पुढची आज्ञा आहे की साधा शब्द?"

"आज्ञा. लहानच राहू दे."

सासरे असा प्रत्येक शब्द विचारून एका वेगळ्या कागदावर उतरवत होते. वर मथळा घातला होता : यांना हात लावायचा नाही.

अर्ध्या तासाने दुसरं प्रकरण आलं. एकाच जनावराची चुकून दोनदा नोंद झाली, तर त्या दोन नोंदी एक कशा करायच्या, याचं. भराभरचा घसा सुकला होता, त्यामुळे त्याने वेग धरला. इंग्रजीत तो जे म्हणाला ते असं : पहिली नोंद निवडा. दुसरी नोंद निवडा. दुसरीत चालू असलेली भेट बंद करा. मग दोन्ही एक करा. भेट म्हणजे जनावराची दवाखान्यातली एक खेप.

"थांबा," सासरे म्हणाले. "माझं बोट मागे राहिलं. भेट बंद करा, हे कुठे आहे?"

"इथेच, दुसरी नोंद निवडा याच्या खाली."

"माझ्या कागदावर नाही."

"छापताना गेलं असेल." भराभर पडद्याकडे वाकला. मग आणखी वाकला. "अरेच्चा. इथेपण नाहीये."

"मग तुम्ही वाचलंत कुठून?"

भराभरने डोकं खाजवलं. वाचलं होतं ते डोक्यातूनच.

सूनबाई उठून पडद्याशी आल्या. हे प्रकरण त्यांनी स्वतः दहा वेळा तपासलं होतं, आणि दर वेळी आधी भेट बंद केली होती. हाताची सवय. पुस्तिकेत काय लिहिलंय ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ते वाक्य माझं आहे."

दारात फोनताई उभ्या होत्या. दवाखान्यांचे फोन घेण्याचं काम त्यांचं. वाचन सुरू झाल्यापासून त्यांचा एक कान इकडेच होता. "दोन वर्षं झाली, दिवसातून सात-आठ वेळा सांगते मी ते. आधी भेट बंद करा, आधी भेट बंद करा. नाही केली की ती उघडीच राहते आणि पुढच्या जनावराची लस याच्या नावावर चढते. कालच एका पोपटाला कुत्र्याची लस टोचल्याची नोंद झाली. मालकीण रडत होती हो फोनवर."

"दोन वर्षं सांगताय?" भराभर ओरडलाच. "मग मला का नाही सांगितलंत?"

"मी सांगते ना, जो फोन करेल त्याला. तुम्ही कधी केलात?"

सासऱ्यांनी शांतपणे पेन्सिल उचलली, ओळींच्या मध्ये एक खूण केली आणि म्हणाले, "ताई, तुमचं वाक्य सांगा. सावकाश. स्वल्पविरामासकट."

साहेब आले तेव्हा टेबलाभोवती चार डोकी एका कागदावर वाकली होती, आणि फोनताईंची आणखी दोन वाक्यं पुस्तिकेत शिरली होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आठवड्यातले चाळीस फोन म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजवायची गरज नव्हती. पण एकदा घेतलेला निर्णय लगेच फिरवणं त्यांना जड जात होतं, म्हणून ते 'यांना हात लावायचा नाही' हा कागद बराच वेळ वाचत राहिले.

"आजोबा, पुन्हा असं मोठं अक्षर..."

"विचारल्याशिवाय नाही. लिहून देतो."

"नको, लिहून नको. तुम्ही ते मलाच मोठ्याने वाचायला लावाल." साहेब हसले. "बरं, राहा. पण भराभर रोज एक तास वाचत बसला तर मग काम कोण करणार?"

यावर फोनताई जरा चाचरत म्हणाल्या, "साहेब, पुस्तिकेत सगळंच आलं तर मला फोन कोण करणार? मग माझं काय?"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सूनबाईंना वाटलं, सासऱ्यांची खुर्ची टिकवायला आपण दुसरीची तर हलवली नाही ना?

"मला वाचणारा लागतोच," सासरे भराभरकडे पेन्सिल दाखवत म्हणाले. "यांना तोंडपाठ आहे म्हणून हे न लिहिलेलंही वाचतात. ताईंना लोक कुठे अडतात ते माहीत आहे. त्या वाचतील. हे शेजारी बसून फक्त हो-नाही म्हणतील, दहा मिनिटं."

साहेबांनी मान हलवली. सूनबाईंनी कधीपासून हातात धरून ठेवलेला, पार गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

सोमवारी काचेच्या खोलीतून फोनताईंचा फोनवर कमावलेला खणखणीत आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू आला. कॅपिटल, स्वल्पविराम, पूर्णविराम, एकही सुटत नव्हता. मधेच त्या थांबल्या. "हे वाक्य मला कळलंच नाही बाई."

"मी लिहिलंय असं?" भराभरने विचारलं.

"लिहिलंय," दोघं एका सुरात म्हणाले, आणि सासऱ्यांनी पेन्सिल त्याच्यापुढे केली.